आढी तापली

परळच्या चाळीच्या गच्चीवर, निळ्या पिंपांमध्ये भात पिकवणारा माणूस हौशी की चक्रम, यावरून चाळीत दोन तट होते. रामदास परबांना दोघांचीही पर्वा नव्हती. यंदा उन्हाळी भात कापलं, झोडलं, तर तांदूळ निघाला जेमतेम दोन वेळच्या पेजेपुरता. पेंढा मात्र भरपूर. आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्याचा जीव तांदळापेक्षा त्या पेंढ्यातच होता.

माठाखाली ठेवायला त्यांनी चुंबळ वळली. भांडी घासायला जुड्या बांधल्या. तुळशीच्या बुंध्याशी थोडा अंथरला. मग गावाहून कच्च्या आंब्यांची पेटी आली आणि उरलेला सगळा पेंढा आढीत गेला. खाली पेंढा, त्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा. घरात आढीला जागा एकच मोकळी होती, माळ्याच्या शिडीपाशी भिंतीच्या कोपऱ्यात. तिथे लाकडी फळीवर विजेचा जुना बोर्ड होता, आणि वर माळ्यावर नात मनवा परीक्षेचा अभ्यास करायची.

दोनच दिवसांत रामदासांनी पेंढ्यात हात घातला आणि त्यांचा चेहरा खुलला. "तापली गो आढी," ते बायकोला, कांताला म्हणाले. "आता पिकतले."

सून अनुजानेही हात घालून पाहिला. तिला तो प्रकार आवडला नाही.

"बाबा, भिंतीकडेच गरम लागतंय. मधे तर थंड आहे. शेजारच्या हितेंद्रने एसी लावल्यापासून आपला पंखापण मंद फिरतो. वायरमनला बोलावू का?"

"आढी तापल्याशिवाय आंबो पिकता काय? तुम्ही मुंबईत वाढलेली माणसं, बाजारातले आंबे खाणारी."

"मग निदान बोर्डापासून लांब तरी सरकवू या."

"आढी एकदा घातली की हलवायची नाही. आंबे रुसतात. माझी आई सांगायची."

आईचं नाव निघालं की त्या घरात वाद संपायचा. कामावर जाताना अनुजाने पंख्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मनवा म्हणाली की माळ्यावरची तिची उशीसुद्धा हल्ली गरम होते. रामदास हसले. मे महिन्यात उशी गार कुठून राहणार?

रविवारी खाली चौकात चाळीतल्याच शिवाची हळद होती. अनुजा आणि तिचा नवरा सकाळपासून मांडवातच राबत होते. मनवा येणार नव्हती.

"आजोबा, बाहेरून कुलूप लावून जा ना. नाहीतर पोरं दार वाजवत बसतात, आंबे पिकले का, आंबे पिकले का."

रामदासांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली कनवटीला खोचली आणि कांताच्या मागून सावकाश तीन जिने उतरले. गुडघे हल्ली ऐकत नव्हते.

चौकात ढोल वाजत होता. जेवणं चालली होती. रामदासांनी भाताचा घास उचलला आणि तो हातातच राहिला. वाऱ्यावर वास आला होता, ओळखीचा, लहानपणचा. पेरणीआधी शेतात पालापाचोळा आणि गवत जाळून राब भाजायचे, तेव्हा अख्खा गाव या वासाने भरून जायचा. म्हाताऱ्याला बरं वाटलं, फार बरं वाटलं. डोळे मिटून त्यांनी तो वास छातीत भरून घेतला.

"राब भाजतत कोणतरी," ते कांताला म्हणाले.

कांताने त्यांच्याकडे पाहिलं. "परळात राब कोण भाजतलो?"

मग तिने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीच्या गजांतून धूर निघत होता. रामदास ताटावरून उठले. ते धावताना चाळीने कधी पाहिलं नव्हतं. ढोल बंद झाला, अनुजा किंचाळत मांडवातून निघाली, पण किल्ली रामदासांकडे होती आणि ते पुढे होते.

पहिल्या मजल्यावर मनवाची हाक ऐकू आली. "आजोबा, दार उघडा." दुसऱ्या मजल्यावरही ऐकू आली, मधे खोकल्याने तुटलेली. तिसऱ्या मजल्यावर ते पोचले तेव्हा आतून काहीच ऐकू येत नव्हतं. किल्ली कुलपाला लागेना. आधारासाठी त्यांनी दुसरा तळवा दारावर टेकला.

दाराची फळी तापली होती.