पुढच्या रजेत पाहायचा शेवट

मित्रांनो, मी एका विनोदी चित्रपटाचे अखेरचे रीळ आहे. माझी सारी थोरली भावंडे भस्म झाली. आरंभ नाही, मध्य नाही, शेवट तेवढा माझ्यापाशी उरला आहे.

माझा जन्म महायुद्धाच्या ऐन वणव्यात, जर्मनीत झाला. ज्यांनी युद्ध पेटविले, त्यांनाच प्रजा हसती हवी होती. म्हणून आमच्या कथेत मृत्यूला प्रवेश नव्हता. रजेवर आलेले तीन सैनिक, चुकून तिघांना मिळालेली एकच खोली आणि साऱ्यांवर डोळे वटारणारी एक सासू, एवढाच तो प्रपंच.

आम्ही नदीकाठच्या एका लहान गावी आलो. तेथील चित्रपटगृहात यंत्र एकच होते. एक रीळ संपले की वृद्ध यंत्रचालक ओलेनडॉर्फ दिवे लावीत, दुसरे चढवीत आणि पुन्हा अंधार करीत. वीब्के नावाची तरुणी तेथे तिकिटे देत असे. तिचा पती डेटलेफ पूर्वेच्या रणभूमीवरून रजेवर आला होता. रजेची अखेरची दुपार त्याने तिच्याशेजारी बसून हसण्यात घालविली.

पडद्यावर सासू अवतरताच तो म्हणाला, "ही तर थेट तुझी आई!"

"हळू बोल, मेल्या! मागच्याच रांगेत बसलीय ती."

"ऐकू दे. उद्या बोलणी खायला मी कुठं आहे इथे?"

वीब्केचे हसू तेथेच मावळले.

माझी पाळी आली. दिवे लागले. तेवढ्यात स्थानकावर सैनिकांच्या गाडीची शिटी झाली आणि डेटलेफ उठला.

"अरे, शेवट राहिला की!"

"गाडी थांबायची नाही. पुढच्या रजेत बघू. माझ्याशिवाय बघायचा नाही हं!"

"नाही बघणार."

"शपथ?"

"शपथ. जा आता, नाहीतर सगळ्यांसमोर रडेन मी."

त्या दिवसापासून माझ्यासाठी दिवे लागले, की वीब्के बाहेर जाऊन पायरीवर बसे. पुढे सैनिकांच्या रजा बंद झाल्या. डेटलेफ बेपत्ता झाल्याची वार्ता आली. रूळ उखडले गेल्याने आम्हांला परत न्यायलाही कोणी आले नाही. तेच तेच विनोद लोक पुन्हा पुन्हा पाहत. हसणे मात्र विरळ होत गेले. वीब्केची पायरी सुटली नाही.

एके दिवशी खेळ चालू असतानाच बाँब पडले. त्या काळची फीत क्षणात पेट घेणारी. माझी भावंडे यंत्रासह जळाली. मी अजून डब्यातच होतो. ओलेनडॉर्फ मला काखेत मारून धावले आणि त्यांनी मला वीब्केच्या हाती दिले.

"पोरी, सगळं गेलं. शेवट तेवढा वाचलाय. डेटलेफ आला की सांग, यंत्र मी कुठूनही पैदा करतो."

"येईल ना हो काका तो?"

"शेवट बघायचा राहिलाय ना त्याचा?" असे म्हणून त्यांनी तोंड फिरविले.

वीब्केच्या तळघरात, बटाट्यांच्या टोपल्यांमागे, माझे आयुष्य सरले. ओलेनडॉर्फ निवर्तले. वीब्केचे केस पांढरे झाले. एके दिवशी तिने डबा उचलला, तेव्हा माझ्या कुजण्याचा आंबट वास तिला आला. ती घाबरली. दुसऱ्याच दिवशी तिने मला चित्रपट-संग्रहालयात नेले.

"आजी, बरं झालं आणलंत. आणखी उशीर झाला असता, तर याची पूड झाली असती," तेथील बाई म्हणाल्या. "कधी पाहिलंत का हे?"

"नाही बाई. शब्द दिलाय."

माझी नवी प्रत सिद्ध झाली. ती पाहायला बाईंनी वीब्केला आत बोलाविले.

"चला ना आजी. इतकी वर्षं सांभाळलंत, आता तरी बघा."

"तू बघ, बाळ. हसण्यासारखं असलं तर मोठ्यानं हस. मला बाहेर ऐकू येईल."

माझा रिकामा डबा मांडीवर घेऊन वीब्के दाराबाहेर बसली. आत बाई एकदा खळखळून हसल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी फीत, एखादा गंजलेला डबा असेल, तर तो अडगळ म्हणून टाकू नका; कोणीतरी कोणासाठी तरी तो राखून ठेवलेला असेल. माझा शेवट काय, असे तुम्ही विचाराल. क्षमा करा. तो दोघांनी मिळून पाहायचा होता.