बारा खोडलेले आकडे

वाचनालयाच्या सभागृहात त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर लोक खिडक्यांत बसले, खिडक्या भरल्यावर मासिकांच्या कपाटाला टेकून उभे राहिले. समोरच्या टेबलापाशी तळहातगुरू उजव्या हाताचा राखाडी हातमोजा एकेक बोट सोडवत काढत होते. हे काम ते इतक्या सावकाश करत की मागच्या रांगेतल्या एका बाईंनी तेवढ्यात लोकरीच्या चार ओळी विणून काढल्या.

"फटका डोळ्यांना दिसतो," गुरू म्हणाले. "तो कोणीही मोजेल! पण क्षेत्ररक्षण? ते कंपनांत असतं. मी मोजत नाही, मी ऐकतो."

त्यांनी एका कोऱ्या पत्त्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, नाकपुड्या फुगवल्या. "पहिल्या तळावरचा बेकरीवाला... हलका... पिसासारखा... एक!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

गावात बेसबॉलचे सहा संघ होते. त्यांच्यातल्या खऱ्या खेळाडूंच्या नावाचे दरवर्षी खेळायचे पत्ते छापले जात आणि फासे टाकून घरोघरी त्यांचे सामने रंगत. प्रत्येक पत्त्यावर क्षेत्ररक्षणाचा एक आकडा असे. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे देवाच्या भरवशावर. हा आकडा ठरवायचे नोंदकाका. सगळी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेलेला हा माणूस निवृत्तीनंतर प्रत्येक सामन्याला वही घेऊन बसे. आणि गेली तीन वर्षं तळहातगुरू पत्ते छापायच्या पंधरा दिवस आधी वीस खेळाडूंचे आकडे जाहीर करत. "आधीच सांगतो, म्हणजे बघून सांगितलं असं कोणी म्हणायला नको!" गेल्या वर्षी विसातले सोळा जुळले होते. हुकलेल्या चारांचा दोष नीट न निघालेल्या हातमोज्याला.

मग टोळाची पाळी आली. हा काचा बसवणारा लांबट तरुण दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या, म्हणजे बेसच्या, मधे उभा राहायचा आणि चेंडूवर अशी झेप घ्यायचा की नाव आपोआप पडलं. गेल्या वर्षी गुरूंनी त्याला पाच सांगितला, पत्त्यावर पाचच छापून आला, आणि प्रशिक्षकांनी त्याला हंगामभर बाकावर बसवलं; कोणी आजारी पडलं तरच मैदानात पाठवलं. यंदाही पाच आला तर संघातून नाव कमी, असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

"जड," गुरू कण्हले. "शिशाचे हात. पाच!"

कपाटापाशी उभ्या असलेल्या टोळाने आपले तळहात उलटसुलट करून पाहिले. नोंदकाकांनी ते बघितलं आणि मान खाली घातली. का घातली, ते त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

दुपारी ताई आली. काकांची थोरली बहीण, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेल्या वर्षीची वही पडली होती, ती चाळता चाळता थांबली.

"काय रे, टोळाच्या नावापुढे कागद केवढा विरलाय!"

"खोडलंय जरा. शंका आली होती."

ताईने पान खिडकीच्या उजेडाला धरलं. पाचाच्या खाली पुसट दोन दिसत होता.

"दोनाचा एकदम पाच?"

"पंधरा चेंडू सुटले त्याच्या हातून, ताई."

"कुठले सुटले? जिथवर बाकीचे पोचतसुद्धा नाहीत, तिथले. जो चेंडूच्या वाटेला जात नाही, त्याच्या नावावर चूक लागत नाही. हे मला कोणी शिकवलं? तूच ना?"

काका चहा ढवळू लागले. ताई मात्र एकेक पान उजेडाला धरत गेली. शेवटी तिने चष्मा काढला.

"बारा आकडे खोडलेत. आणि बाराच्या बारा गुरूने सांगितलेल्या आकड्यावर नेऊन ठेवलेत. नुसती शंका असती, तर एखादा तरी उलट्या बाजूला गेला असता की नाही?"

"इतक्या लोकांना पटतंय, म्हटलं माझंच चुकत असेल." काकांनी कप बाजूला सारला. "आणि खरं सांगू? गुरूंचं जुळलं की लोक माझ्याही पाठीवर थाप मारायचे. बरं वाटायचं गं."

"सोळातले बारा तुझे. उरले चार. एक ते पाचातला आकडा डोळे मिटून कोणीही बोलावा, विसात चारेक जुळतातच."

काकांना आठवलं, काट्याखाली हळूच बोट लावणाऱ्या किती दुकानदारांना त्यांनी भर बाजारात फैलावर घेतलं होतं. टोळाचं एक अख्खं वर्ष त्यांच्या खोडरबराने खाल्लं होतं.

त्या आठवड्यात दोघं रोज बसली. ताईने यंदाच्या वहीतली खेळाडूंची आणि संघांची नावं कागदाच्या पट्ट्यांनी झाकली, त्यांच्या जागी नुसते क्रमांक लिहिले. कोण किती लांब पोचला, किती चेंडू अडवले, किती सुटले, एवढंच ती वाचून दाखवी आणि काका त्या क्रमांकाच्या चिठ्ठीवर आकडा लिहीत. पेनने. मग चिठ्ठ्यांचं पाकीट बंद करून ग्रंथपालांच्या हवाली केलं.

पुढच्या रविवारी ग्रंथपालांनी ते सगळ्यांसमोर फोडलं. वहीतल्या पट्ट्या काढून चिठ्ठ्या नावांशी लावल्या. गुरूंच्या विसातले तीन जुळले.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. गुरूंनी घाईघाईने हातमोजा चढवला. "इथे कोणीतरी अश्रद्ध बसलंय! कंपनं बिघडली!"

"कंपनं नाही बिघडली," काका उभे राहिले. "गेली तीन वर्षं तुमचा चमत्कार मी करत होतो. तुम्ही आकडा सांगायचात, मी घरी जाऊन माझा खोडून तुमचा लिहायचो."

"पण ते तर छापायच्या आधी सांगायचे!" बेकरीवाला ओरडला.

"तिथेच तर गोम आहे. आधी सांगायचे म्हणूनच माझ्या कानावर पडायचं. त्याला आपण त्यांचा प्रामाणिकपणा समजलो."

गुरू दाराकडे निघाले. कोणी अडवलं नाही. लोकरवाल्या बाईंनी फक्त पाय बाजूला घेतले.

काका कपाटापाशी गेले. "टोळा, यंदा नावं झाकून लिहिलं. तुझा एक आलाय. तू वर्षभर बाकावर बसलास तो माझ्यामुळे. मला माफ कर, असं तरी कोणत्या तोंडाने म्हणू?"

टोळाने पुन्हा तळहात उलटसुलट करून पाहिले. मग हळूच म्हणाला, "काका, बाकाचं एवढं नाही. पण मला खरंच वाटायला लागलं होतं, हात जड झालेत म्हणून. मोठी काच असली की मी दुसऱ्याला उचलायला सांगायचो. दुकानात सगळे हसायचे."

हे काकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पण तो कोरडाच होता. मग ते लोकांकडे वळले.

"चमत्कार बघितला की टाळ्या जरूर वाजवा," ते म्हणाले, "पण आधी विचारा, पडताळून पाहणारा कोण आहे, आणि त्याने उत्तर आधीच ऐकलंय का. एवढं विचारलं असतंत तर तीन वर्षांपूर्वीच मी पकडला गेलो असतो. यापुढे आकडे नावं झाकूनच लिहायचे. आणि माझ्या शब्दावरही विश्वास ठेवू नका. जुनी वही टेबलावर ठेवली आहे. या, तपासा."

मग टोळ पुढे झाला, आपलं पान काढलं, आणि वही खिडकीच्या उजेडाला धरली.