पाठीमागचा राजवाडा

तुम्ही कधी अनोळखी शहरात गेल्यावर, भर चौकात, एखाद्या पाटीवर बोट ठेवून "हं, म्हणजे आपण इथे आहोत" असं म्हटलंय का? म्हटलं असेल, तर तुमचं बोट कदाचित माझ्या पोटावर होतं.

मी नकाशाची पाटी बोलतेय. जुन्या शहराच्या मधल्या चौकात, दोन लोखंडी खांबांवर मला चार बोल्टांनी घट्ट बसवलेलं आहे. माझ्या अंगावर अख्खं शहर आहे, चौदा ठिकाणांसकट. किल्ला, घड्याळाचा मनोरा, जुना पूल, तोफखाना आणि सगळ्यात वर, मधोमध, सोनेरी रंगातला राजवाडा. पोटाशी एक लाल ठिपका, आणि त्याच्याखाली लिहिलंय, 'आपण येथे आहात'.

मला रंगवलं ते रंगारीकाकांनी. तेव्हा ते काका नव्हते, केस काळे होते. पत्र्यावर आधी पांढरा हात दिला, मग पेन्सिलीने रस्ते काढले आणि जीभ दातांत धरून एकेक गल्ली रंगवली. नदी रंगवताना निळा रंग संपला, म्हणून तोफखान्यापुढे ती हिरवी झाली. त्या हिरव्या भागात कुणाकुणाला बाग दिसते. त्या बागेची चौकशी करणारे आजही भेटतात.

गेली बावीस वर्षं मी माणसं पाहतेय. नवरा नकाशा पाहत असला की बायको रस्त्यावरच्या माणसाला पत्ता विचारते, आणि दोघंही आपलंच खरं करतात. मुलं राजवाड्यापेक्षा तोफा आधी शोधतात. म्हातारी माणसं चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतात. पण एक गोष्ट सगळे करतात. लाल ठिपक्यावर बोट ठेवतात. आपण कुठे आहोत हे माहीत असतं, तरी बोट ठेवल्याशिवाय खात्री पटत नाही. त्यामुळे माझा ठिपका दर वर्षी पुसला जातो आणि रंगारीकाका येऊन तो पुन्हा रंगवतात.

माझं एकच दुःख होतं. मी दिवसभर लोकांना राजवाडा दाखवायचे, पण तो होता माझ्या पाठीमागे. बावीस वर्षांत मी तो एकदाही पाहिला नव्हता. लोक माझ्यासमोर उभे राहायचे, मला वळसा घालून सरळ पुढे जायचे, आणि तासाभराने "काय तो दरबार" म्हणत परत यायचे. लग्नघरी राबायचं आपण आणि जेवायचं दुसऱ्याने, तसली माझी गत.

मला समोर दिसायची ती एक अरुंद गल्ली आणि तिच्या तोंडाशी असलेलं कुलूपघर.

कुलूपघर म्हणजे ताईंच्या घराची पुढची खोली. ताईंच्या वडिलांना जुनी कुलपं जमवायचा नाद होता. माशाच्या आकाराचं कुलूप, दोन किल्ल्यांशिवाय न उघडणारं कुलूप, बिस्किटांच्या डब्याला लावायचं चिमुकलं कुलूप, अशी तीनशेच्या वर कुलपं त्या खोलीत टांगलेली आहेत. वडील गेल्यावर ताईंनी ती पुसून-पासून ठेवली. येईल त्याला फुकट दाखवायच्या. पण मुळात यायचं कोण? माझ्या नकाशात कुलूपघर नव्हतंच.

दाराबाहेरच्या बाकाला साखळीने एक काळं, जाडजूड कुलूप बांधलेलं असायचं. त्याचं नाव 'हट्टी'. किल्ली जायची, फिरायचीही, पण कुलूप काही उघडायचं नाही. त्याची युक्ती वडिलांनी फक्त ताईंना सांगितली होती, आणि ताई ती कुणाला सांगत नव्हत्या.

एके सकाळी ताईंचा धाकटा भाऊ आला. त्याचं मागच्या रस्त्यावर भांड्यांचं दुकान आहे. बाकावर बसून तो म्हणाला, "ताई, वही दाखव."

ताईंनी अभिप्रायाची वही दिली.

"वर्षभरात पाच नावं," तो म्हणाला. "त्यातली दोन पोस्टमनची."

"त्याला आवडतं आपलं कुलूपघर."

"त्याला तुझा चहा आवडतो. ताई, दुकानात माल ठेवायला जागा नाही, आणि इथे एक खोली कुलपांनी अडवलीय. ज्यांच्या किल्ल्यासुद्धा हरवल्यात अशा कुलपांनी."

"बाबांचं आहे रे ते सगळं."

"मग खोक्यांत भरून माळ्यावर नीट ठेवू. विकायला कुठे सांगतोय?" त्याने वही मिटली. "बरं, महिनाभर बघ. वहीचं एक पान भरलं तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही भरलं, तर एक तारखेला सकाळी खोकी घेऊन येतो."

वहीच्या एका पानावर चोवीस ओळी. ताईंनी त्या बोटाने मोजल्या.

नंतरच्याच आठवड्यात चौक खणला गेला. पाण्याची नळी टाकायची होती. कामगारांनी माझे बोल्ट काढले आणि मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. काम झाल्यावर दोघांनी मला उचललं, खांबांना लावलं आणि बोल्ट पिळले. माझी चारही भोकं दोन्ही बाजूंनी सारखीच, त्यामुळे मी बसले अगदी छान. फक्त खांबांच्या पलीकडच्या बाजूने. आधी माझं तोंड गल्लीकडे होतं, आता ते राजवाड्याकडे झालं.

खरं सांगू? मला आनंद झाला. झाडांच्या वर राजवाड्याचा घुमट दिसत होता. माझ्या अंगावरच्यापेक्षा जरा बुटका आणि मळका, पण खराखुरा. मी बघतच राहिले. मग पहिलं कुटुंब आलं.

ते राजवाड्याकडे पाठ करून माझ्यासमोर उभे राहिले. वडिलांनी लाल ठिपक्यावर बोट ठेवलं, सरळ वर नेलं आणि म्हणाले, "हा काय, समोरच आहे." आणि मला वळसा घालून सगळे निघाले थेट ताईंच्या गल्लीत. घुमट त्यांच्या पाठीमागून डोकावत होता. पण नकाशा हातात आला की मागे वळून पाहील तो माणूस कसला?

मागून आवाज आले.

"राजवाडा हाच का हो?"

"हा?" ताई हसल्या असाव्यात. "नाही हो, तो पार मागे राहिला. पण उन्हातून आलाच आहात, तर पाणी प्या. आणि कुलूप उघडून बघता का एखादं?"

दुपारपर्यंत अशी तीन कुटुंबं गेली. फोनवर रस्ता बघणारे बरोबर जायचे, माझ्यावर भरवसा ठेवणारे चुकायचे. ताई सगळ्यांना पाणी द्यायच्या, कुलपं दाखवायच्या आणि राजवाड्याचा बरोबर रस्ता सांगायच्या. माणसं जाताना वहीत लिहायची. चार दिवसांत पान भरलं. तीन आठवड्यांत सहा पानं झाली. पोस्टमनला बसायला बाक मोकळा मिळेना.

मी मात्र खोटं बोलत होते. मुद्दाम नाही, पण बोलत होते. आणि गंमत म्हणजे, कुलूपघर गजबजलेलं ऐकून मला बरंही वाटत होतं.

मग महिन्याच्या शेवटच्या दिवशी गुरुजी आले. निवृत्त शिक्षक, हातात काठी, सोबत बायको. चार वाजून गेले होते. गुरुजींनी माझ्यावरचा सोनेरी राजवाडा डोळे भरून पाहिला आणि काठी टेकत टेकत, हळूहळू चुकीच्या बाजूला गेले.

"बाई, राजवाडा?" त्यांचा आवाज ऐकू आला.

ताईंनी सांगितलं. मग म्हणाल्या, "पण पाचला दार बंद होतं हो. तुमच्या चालीने..."

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "चाळीस वर्षं वर्गात फळ्यावर काढला तो. एकदा डोळ्यांनी बघायचा होता, इतकंच."

"फळ्यावर झटकन सापडायचा," त्यांची बायको म्हणाली. "आता बसा जरा. बाई, हे कुलूप का उघडत नाही?"

"ते हट्टी आहे."

"मीही आहे," म्हणून ती जी किल्ली फिरवत बसली, ती अर्धा तास. हट्टी काही बधलं नाही. शेवटी गुरुजीच म्हणाले, "चला, लॉजवर. उद्या दुपारची गाडी आहे." काठीचा आवाज लांब गेला. मग ताईंनी दार ओढून घेतलं आणि त्या तडक रंगारीकाकांच्या दुकानात गेल्या. दुकान चौकातच आहे, माझ्या डाव्या हाताला.

"काका, पाटी उलटी लागलीय."

"कोणती?"

"तुमचीच. नकाशाची."

काका बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं, घुमटाकडे पाहिलं. "अरेच्चा. कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

"तीन आठवड्यांपूर्वी," ताई म्हणाल्या.

काकांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ताईंनी मग सगळं सांगितलं. भाऊ, वही, खोकी. "पान भरलंय," त्या म्हणाल्या, "पण ती माझ्याकडे आलेली माणसं नाहीत, काका. चुकलेली माणसं आहेत. उद्या भावाला सांगून टाकते."

काका दुकानात गेले. पाना आणला, मला उतरवलं आणि पुन्हा जुन्या बाजूने बसवलं. राजवाडा पाठीमागे गेला. शेवटचा एकदा पाहून घ्यायचं राहूनच गेलं. मग काकांनी लाल रंगाची डबी उघडली, माझा झिजलेला ठिपका गोल, गुळगुळीत रंगवला. आणि तोच ब्रश घेऊन, जीभ दातांत धरून, माझ्या पायथ्याशी, गल्लीच्या तोंडाशी, नखाएवढं एक कुलूप काढलं.

"हे काय केलंत? नगरपालिकेच्या कचेरीतून परवानगी लागते ना?" ताईंनी विचारलं.

"ब्रश निसटला," काका म्हणाले. "वय झालं आता."

"आणि त्याला किल्लीचं भोकसुद्धा आलं?"

"चांगलाच निसटला."

माझ्या अंगावर आता पंधरा ठिकाणं आहेत, आणि पंधरावं असं आहे, जे मी स्वतः रोज बघते. तुम्ही आलात तर राजवाडा जरूर बघा. फक्त निघण्याआधी एकदा मान वळवून मागे पाहा. माझ्यासारख्या पाटीवर फार विसंबू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ चार रिकामी खोकी घेऊन आला. ताई त्याला वहीचं काहीतरी सांगू लागल्या, तेवढ्यात गुरुजी राजवाडा बघून आले, आणि त्यांची बायको लॉजवरच्या आणखी पाच जणांना घेऊन आली. "रात्रभर झोप नाही मला," ती म्हणाली, "द्या ती किल्ली." बाकावर जागा नव्हती. भावाने एक खोकं उलटं करून तिला बसायला दिलं.