लाल चिंधीचा दोर

मित्रांनो, वाचनालयाच्या दारामागे खिळ्याला जे वेटोळं लटकलेलं दिसतं ना, तो मी. जुना सुती दोर. माझ्यासारख्याने आपली हकिकत सांगावी की नाही, याबद्दल मला अजून शंकाच आहे. शेजारच्या कपाटात एवढी पुस्तकं आहेत. त्यांतलं कुठलंही माझ्याहून चांगलं बोलेल. पण आपल्या गावच्या मुली फुटबॉलच्या मॅचेस का हरल्या, हे त्या पुस्तकांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. निदान मला तसं वाटतं.

देहूरोडच्या बाजारात एका दुकानात मी रिळावर गुंडाळलेला होतो. तीन पेडांचा, पांढराशुभ्र, घट्ट पिळाचा. तिथून मला राजमहंमदांनी विकत घेतलं. त्यांनी तीस वर्षं लष्करी डेपोत नोकरी केली होती आणि तिथल्या संघातून फुटबॉल खेळला होता. निवृत्त झाल्यावर ते कार्ल्याला आपल्या घरी परतले आणि गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवू लागले. मुली त्यांना सर म्हणायच्या, मोठी माणसं राजभाई.

मुलींना खेळायला मैदान नव्हतं. तेव्हा वाचनालयाची झाडलोट करणाऱ्या शालूबाईंनी डोंगराच्या पायथ्याची आपली दोन खाचरं दिली, पण एका अटीवर: भात निघाल्यावर घ्यायची आणि पेरणीआधी परत करायची. म्हणून दर वर्षी कापणी झाली की मधला बांध फोडायचा, खोडकं उपटायची, जमीन सारखी करायची आणि गोलासाठी बांबूचे खांब गाडायचे. उन्हाळा सरता सरता ते उपटून ठेवायचे. थोडक्यात, आमचं मैदान दर वर्षी नव्याने जन्माला यायचं आणि दर वर्षी ते नव्याने मोजावं लागायचं. त्यासाठी मला आणलं होतं.

राजमहंमदांनी सखाराम गवंड्याचा पोलादी टेप मागून आणला आणि मला त्याच्या शेजारी ताणून धरलं. बरोबर चोवीस फुटांवर माझ्या अंगाला एक लाल चिंधी बांधली, कारण गोलाच्या दोन खांबांमध्ये चोवीस फूट अंतर लागतं. छत्तीस फुटांवर गाठ मारून मला कापलं, कारण पेनल्टी तेवढ्या अंतरावरून मारतात. मग ते मुलींना म्हणाले, "टेप हरवतो, त्याचे आकडे पुसतात. दोर कधी खोटं बोलत नाही."

मित्रांनो, ते ऐकून मी फुगलो होतो. आता आठवलं की लाज वाटते.

पहिल्या वर्षी आम्ही तालुक्याची ढाल जिंकली. गोलात हौशीरामांची सारिका होती. हौशीराम म्हणजे संघ चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. हमरस्त्यावर फाट्याजवळ त्यांची मक्याच्या कणसांची टपरी आहे. ढाल आली त्या दिवशी त्यांनी राजमहंमदांना खांद्यावर घेऊन वाचनालयापर्यंत आणलं. ढाल कपाटावर बसली, तिला हार घातला. मी दारामागे होतो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही आणि खरं सांगायचं तर मला तेच बरं वाटलं.

पावसाळा आला. एके दिवशी हौशीराम आत आले, इकडेतिकडे पाहिलं आणि मला खिळ्यावरून काढलं. "चार दिस टपरीच्या कागदाला बांधतो, मग आनून ठेवतो," असं ते शालूबाईंना म्हणाले. शालूबाई तेव्हा वाचनालय झाडत होत्या. चार दिवसांचे चार महिने झाले. निळ्या प्लास्टिकच्या कागदाला बांधलेला मी रात्रंदिवस भिजत होतो. वरून पाऊस, खालून कोळशाचा धूर, बाजूने बसगाड्यांनी उडवलेला चिखल. परत खिळ्यावर आलो तेव्हा मी करडा झालो होतो आणि अंग आखडल्यासारखं वाटत होतं. मी मनाशी म्हटलं, वय झालं. कुणीतरी मोठ्याने वाचत होतं त्या पुस्तकात मी ऐकलं होतं की म्हातारपणी माणूस थोडा लहान होतो.

भात निघालं. राजमहंमदांनी मला नेलं, लाल चिंधीवर खांब गाडले, गाठीवर पेनल्टीची खूण केली. मुलींनी जीव तोडून सराव केला. सारिका या खांबापासून त्या खांबापर्यंत अशी झेपावायची की तिच्या हाताखालून बॉल जातच नसे. समरीन पुढे खेळायची. तिची किक खांबाला आतून घासून जाळ्यात जायची. घरच्या दोन्ही मॅच आम्ही जिंकल्या.

बाहेरच्या तिन्ही हरलो. नवलाख उंबऱ्याला, लोणावळ्याला, देहूरोडला. मॅचनंतर मुली वाचनालयात जमायच्या तेव्हा मला सगळं ऐकू यायचं. सारिका म्हणायची, "बॉल दर वेळी खांबाजवळूनच गेला. बोटांना लागता लागता राहिला." समरीन म्हणायची, "आणि माझी किक सरळ त्यांच्या गोलकीपरच्या हातात. मी खांबाकडेच मारते ना नेहमीसारखी?"

मग संशय सुरू झाला. तो आधी कट्ट्यावर बसला, मग टपरीवर आला, मग वाचनालयाच्या पायरीवर. पायरीवर बसून हौशीराम एकदा कुणाला तरी सांगत होते:

"घरी वाघिनी, भाईर शेळ्या. प्वारी त्याच, बूट त्येच. ह्ये कसं काय?"

"नशीब म्हनायचं, आबा."

"कसलं नशीब? नवलाख उंबऱ्याच्या संघाचा कोच कोन हाय? नवाज. अन् नवाज कोन? राजभाईचा सख्खा भाचा. आता तुमीच बेरीज करा."

बेरीज मीही केली. मला कबूल केलं पाहिजे, मित्रांनो, की मीसुद्धा राजमहंमदांवर संशय घेतला. कारण त्याच आठवड्यात त्यांनी मला गुपचूप पिशवीत घातलं आणि सकाळी पहिल्या बसने निघाले. दोराला पिशवीत लपवून कुणी नेत असेल तर त्याचा हेतू सरळ असेल, असं मला वाटेना.

बसमधून उतरून ते थेट नवलाख उंबऱ्याच्या मैदानावर गेले. मला पिशवीतून काढून एका खांबाला लावत होते, तोच मागून आवाज आला.

"मामू? एवढ्या सकाळी? आणि हे काय ओढताय?"

नवाज होता. रात्रपाळी संपवून कंपनीच्या गणवेशातच आला होता.

"दुसरं टोक धर," राजमहंमद म्हणाले.

"हरलात तर हरलात, मामू. आता काय खांब मोजणार?"

"धर म्हटलं ना."

नवाजने मला ताणलं. माझी लाल चिंधी पलीकडच्या खांबाच्या दोन फूट अलीकडेच संपली. राजमहंमदांचे डोळे चमकले. "बघ! तुमचा गोल दोन फुटांनी जास्त रुंद आहे."

नवाज हसला. "मामू, हे खांब आमच्या कंपनीतल्या वेल्डरने बसवलेत. तो केसभरही चुकत नाही."

"मग तुझा वेल्डर चुकला." राजमहंमदांनी खिशातून कागद काढला, आकडा लिहिला, घडी घालून परत ठेवला. रस्त्याने कणसांचा एक टेम्पो चालला होता. मामा-भाचे आणि मधला कागद, एवढं टेम्पोवाल्याने पाहिलं. टपरीवर कणसं उतरवली तेव्हा ही बातमीही उतरली.

पुढच्या दोन दिवसांत आम्ही लोणावळ्याला आणि देहूरोडलाही गेलो. तिथेही दोन फूट. दर मैदानावर राजमहंमदांची खात्री वाढत गेली, आणि दर मैदानावर माझं मन मात्र चरकत गेलं. मी आधी त्यांच्यावर संशय घेतला, मग त्या खांबांवर घेतला. आता एकच जण उरला होता, आणि त्याच्याकडे मला पाहवत नव्हतं. मला बोलता येत नाही, ही सबब आहेच. पण आलं असतं तरी मी बोललो असतो का, कोण जाणे.

रविवारी सकाळी वाचनालयात मंडळाची सभा भरली. खिडकीला मुलींचे चेहरे लागले होते. हौशीरामांनी ठरावाचा कागद लिहूनच आणला होता: प्रशिक्षकांना या पदावरून दूर करावे.

"राजभाई, सरळ इचारतो," ते म्हणाले. "भाच्याला कागद कशाचा दावला? आपली पोरं कशी खेळत्यात त्ये लिवून दिलं का?"

राजमहंमदांचा चेहरा उतरला. साठ वर्षांच्या माणसाला असं सगळ्यांसमोर विचारलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी कागद काढून टेबलावर ठेवला आणि मला खिळ्यावरून उतरवलं.

"तीन मैदानं मोजली मी. तिन्हीकडे गोल दोन फुटांनी जास्त रुंद आहे. सारिकाचा हात म्हणून पुरत नाही. आपल्याला फसवलंय."

हौशीरामांनी टेबलावर थाप मारली. "मी म्हनतच व्हतो, कायतरी काळंबेरं हाय! लिवा तक्रार तालुक्याला. तिन्ही गावांची नावं घाला." एका क्षणात सगळा दोष राजमहंमदांच्या डोक्यावरून उठला आणि तीन गावांच्या डोक्यावर जाऊन बसला. मलाही मोकळं वाटलं. हो, वाटलं. लपवत नाही.

तेवढ्यात दारात केरसुणी घेऊन उभ्या असलेल्या शालूबाई म्हणाल्या, "राजभाई, एक इचारू? तीन गावं खोटी, अन् तुमचा दोरच तेवढा खरा व्हय?"

त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली.

"बैलाचं दावं पावसात भिजलं की आखडतंय. वाळलं तरी पयल्याइतकं व्हत न्हाई. माज्या घरात हे शेंबडं पोरगं बी सांगंल."

सारिका खिडकीतून गायब झाली आणि सखाराम गवंड्याचा टेप घेऊन धावत आली. मला वाचनालयासमोरच्या रस्त्यावर आडवं केलं. सगळे माझ्याभोवती वाकून उभे राहिले. एवढी माणसं माझ्याकडे पाहत आहेत, असं पूर्वी कधी झालं नव्हतं. लाल चिंधीपाशी सारिकाने आकडा वाचला, "बावीस." मग गाठीपाशी, "तेहतीस."

घरचा गोलच दोन फूट अरुंद होता. सारिका हंगामभर त्या अरुंद गोलात शिकली होती, आणि समरीनच्या पायाला खांब चुकीच्या जागी पाठ झाला होता.

"पण ह्यो आखडला कसा?" कुणीतरी विचारलं.

हौशीराम आपल्या चपलेकडे पाहत होते. मला वाटलं, आता हे बोलणार नाहीत. शालूबाईंना माहीत होतं, पण त्याही गप्प राहिल्या. बोलली ती सारिका.

"आबा, पावसाळ्यात हा दोर आपल्या टपरीला होता ना?"

हौशीरामांनी मान वर केली.

"व्हता," हौशीराम म्हणाले. "चार दिस म्हनून नेलता."

कुणी हसायच्या आत राजमहंमद पुढे झाले. त्यांनी मला गोळा करायला सुरुवात केली आणि वेटोळं घालता घालता सावकाश बोलले. "हौशीरामभाऊंनी दोर नेला, त्यांना काय ठाऊक. मला मात्र ठाऊक असायला हवं होतं. परत आल्यावर एकदा टेप लावला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. मी तो लावला नाही. उलट तीन गावांना खोटं ठरवत फिरलो. पोरी हरल्या त्यात एवढा दोष माझा आहे, आणि तो मी घेतो. पण मॅच विकली, भाच्याला दिली, हा दोष माझा नाही. तो माझ्या नावावर राहू देऊ नका."

मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं की त्यांच्यावर लादलेला दोष त्यांचा नव्हता, आणि त्यांचा होता तो कुणालाच दिसला नव्हता. हौशीरामांनी माफी मागितली नाही. ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला, आणि दुपारी पहार घेऊन स्वतः खाचरात गेले. बांबूचे खांब त्यांनीच उपटले आणि टेप लावून अंतर दोन फुटांनी वाढवत नवे खड्डे खणले.

आठ दिवसांनी पुन्हा लोणावळ्यात हंगामाची शेवटची मॅच झाली. तुम्हाला वाटेल, आता जिंकले असतील. नाही. एक विरुद्ध दोन गोलांनी हरले. हंगामभराची सवय आठ दिवसांत जात नाही. सारिकाने खांबाजवळचे दोन बॉल अडवले, तिसरा निसटला. संध्याकाळी सगळे वाचनालयात आले तेव्हा हौशीरामांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि मग हळूच विचारलं, "राजभाई, आज कुनामुळं?"

"आज बराचसा माझ्यामुळं," राजमहंमद म्हणाले. "समरीन दमली होती. तिला वेळेवर बदललं नाही. थोडं त्यांच्या पोरींमुळं, फार छान खेळल्या. उरलेलं बॉलमुळं."

सारिकासुद्धा हसली. हौशीरामांनी मान हलवली आणि सगळ्यांसाठी कणसं भाजून आणायला गेले.

आता मैदान टेपने मोजतात. मला मात्र कुणी फेकलं नाही. सारिकाने माझ्या गळ्यात पुठ्ठ्याचा तुकडा बांधला आहे. त्यावर तिच्या अक्षरात लिहिलंय: हा दोर आखडलेला आहे. लाल चिंधी बावीस फुटांवर. आधी टेप लावा. एवढ्या पुस्तकांच्या खोलीत माझ्याबद्दल लिहिलेली हीच तीन वाक्यं, आणि तिन्ही खरी आहेत. मला ती आवडतात.

तुमच्याकडे माझा कुणी भाऊबंद असेल, तर तो भिजल्यावर त्याला वाळवा, ताणा, आणि वर्षातून एकदा तरी तपासा. त्याला राग येणार नाही. आणि या खोलीत अजूनही कुणी बोट दाखवून म्हणालं, "सगळी चूक त्याचीच," की मी खिळ्यावर जरासा हलतो. वारा आला असेल, असं तुम्हाला वाटेल. मला फक्त विचारायचं असतं: मोजलंत कशाने?