धुराची वेळ

सुसामीरच्या कुरणांवर घोड्या व्यायला लागल्या की बुरुलच्या आत्याची, असिलकान एजेची, बोटं आखडायला लागायची. यंदा तर मूठच मिटेना. दिवसातून पाच-सहा वेळा घोड्यांचं दूध काढायचं म्हणजे काय खायचं काम आहे? तरी म्हातारी यंत्राला घोडीजवळ फिरकू देत नव्हती. किमिझला रबराचा वास लागतो म्हणे. आणि खोटं कशाला बोला, गंधक घातलेल्या काळ्या रबराचा वास घोडीच्या आंबवलेल्या दुधाला लागतोच.

बुरुलचा तोकमोकमध्ये रबराचा छोटा कारखाना होता. तिने सडांना लावायच्या नळ्या सिलिकॉनच्या करायच्या ठरवल्या, गंधकाऐवजी पेरॉक्साइड घालून. तापल्या साच्यात ते फुटतं आणि मऊ रबरातल्या सुट्या धाग्यांच्या एकमेकांशी गाठी बसतात. मग भट्टीत निवांत भाजलं की उरलासुरला वासही उडून जातो. एजेने अट घातली, किमिझला वास आला तर नळ्या नदीत.

काम बघायला एजे स्वतः आली. आल्या आल्या तिने आर्चा या सुवासिक डोंगरी झुडपाची वाळकी डहाळी पेटवली आणि दृष्ट लागू नये म्हणून कारखानाभर धूर फिरवला. फळीवर उघड्या ठेवलेल्या कच्च्या रबरावर जरा जास्तच, कारण ती तिच्या घोड्यांची वस्तू. साच्यातून नळ्या निघाल्या त्या चिकट, बोट लावलं तर सोडेनात.

कुणाची तरी नजर लागली म्हणून एजेने दुप्पट धूर केला. दुसरा घाणा पहिल्याहून वाईट निघाला. बुरुलने साच्याची आच तपासली, पेरॉक्साइडचा नवा डबा फोडला आणि स्वतःवरच चिडली. आता आणखी एक घाणा बिघडला, तर एजे कुरणावर परत जाणार आणि त्याच बोटांनी दूध काढत बसणार, हे तिला दिसत होतं.

तिने रबराचा गठ्ठा उचलला. त्याला आर्चाचा वास होता. गुंडाळून ठेवलेल्या दुसऱ्या गठ्ठ्याला नव्हता. त्यातला तुकडा साच्यात दाबला, तो बाहेर आला लख्ख आणि कोरडा. गाठी बसण्याआधीच धूर पेरॉक्साइडचा जोर खाऊन टाकत होता. पण एवढ्या मायेने केलेल्या धुराला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

"एजे, मूल जन्मायच्या आधी पाळण्याला धूर दाखवतात का गं?"

"वेड लागलंय का तुला? रिकाम्या पाळण्याला? अपशकुन असतो तो."

"मग हे रबर अजून जन्मायचंय."

एजे हातातल्या डहाळीकडे बघत राहिली. मग तिने ती बादलीत बुडवली. "हे आधीच सांगायला काय जीभ झडली होती?"

तिसरा घाणा उत्तम निघाला, भट्टीत भाजलाही गेला. त्यानंतर मात्र बुरुलने स्वतः काडी ओढून दिली आणि किमिझच्या चामडी पिशवीला देतात तसा मनसोक्त धूर एजेने नळ्यांना दिला.

त्या नळ्यांनी काढलेल्या दुधाचं किमिझ तयार झाल्यावर बुरुल कुरणावर गेली. एजेने पहिला घोट तोंडात बराच वेळ धरला.

"रबर लागत नाही," एजे म्हणाली. "धूर मात्र कमी पडलाय. पुढच्या वेळी मला घाई करू नकोस."

बुरुलला हसूच फुटलं. बाहेर घोडीला यंत्र लावलेलं होतं. एजे शेजारी उकिडवी बसून, इतक्या वर्षांत कधी सवड मिळाली नव्हती म्हणून, शिंगराची मान खाजवत राहिली.