दोन राज्ये सांभाळणारा संगणक

मित्रांनो, मालवणकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका लहान गावाचे वाचनालय आहे. त्याच्या कोपऱ्यात, फुलाफुलांच्या जुन्या चादरीखाली जो संगणक दिसतो, तो मी.

माझा जन्म एका दूरच्या कारखान्यात झाला. माझ्यासारखेच शेकडो भाऊ तेथे पट्ट्यावरून सरकत होते आणि कोण कुठे जाणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. माझ्या वाट्याला मालवणातले एक कार्यालय आले. दिवसभर मी दाखले छापत असे. काम चांगले होते, पण माझ्यासमोर बसून कोणी हसत नसे. पुढे तेथे नवी यंत्रे आली आणि मला रिक्षात घालून, आंब्याच्या दोन पेट्यांच्या मधोमध बसवून, या वाचनालयात आणले.

हे वाचनालय फेलिसिदाद टीचर सांभाळतात. त्या शाळेतून निवृत्त झाल्या, पण गाव अजून त्यांना टीचरच म्हणतो. समुद्राची खारी हवा लोखंड खाते, तशी मलाही खाते. म्हणून टीचर रोज कोरड्या फडक्याने मला पुसत. मुले माझ्यासमोर रांग लावत. ते माझे सुखाचे दिवस होते. मग घरोघरी मोबाइल आले आणि रांग विरत गेली. शेवटी दोघेच उरले. तेजस्वी आणि सिद्धेश. दोघे एकाच वर्गात, आणि त्यांची घरे एकाच पाणंदीत.

ते येत राहिले याचे कारण एक खेळ. टीचरांचा भाचा सॅविओ गोव्याहून सुट्टीला आला असताना त्याने तो माझ्यात भरला होता. खेळात प्रत्येकाला एक राज्य मिळते. एकाने आपला डाव खेळायचा आणि उठायचे. मग दुसऱ्याने बसायचे. प्रत्येकाला आपलेच राज्य नीट दिसते, समोरच्याचे धुक्यात असते. जिंकायच्या वाटा अनेक आहेत. सैन्य घेऊन समोरच्याची गावे जिंकता येतात. किंवा आपल्या राज्यात गाणी, नाटके, चित्रे इतकी बहरू द्यायची की समोरच्या राज्यातली माणसे आपणहून पाहायला यावीत. पुरेशी माणसे आली की मोठा उत्सव जाहीर करता येतो. तोच संस्कृतीचा विजय.

तेजस्वी सहलीला पिंगुळीला जाऊन कळसूत्री बाहुल्या पाहून आली होती. तिने आपल्या राजधानीचे नाव पिंगुळी ठेवले. सिद्धेशला बंदर हवे होते, म्हणून त्याने आपल्या राजधानीला खारेपाटण या जुन्या बंदराचे नाव दिले.

"नाटकगृहा बांधून काय खातलंस गो? तेच्यातसून कोलंबी येतली?" सिद्धेश चिडवी.

"तुझेच शिपाय येतले बघूक. तिकीट काढून," तेजस्वी म्हणे.

मग एक वाईट गोष्ट घडली. तेजस्वीचे बाबा दत्तप्रसाद रापणीवर आहेत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायचे लांबलचक जाळे. सिद्धेशचे बाबा जितेंद्र आधी त्याच रापणीवर होते. नंतर ते मोठ्या यांत्रिक बोटीवर कामाला गेले. एके दिवशी ती बोट किनाऱ्याच्या फार जवळ आली आणि रापणीचे जाळे फाटले. किनाऱ्यावर बरेच काही बोलले गेले, जे माघारी घेता येत नाही. त्या दिवसापासून दोन्ही घरांचे बोलणे थांबले. मुलांनाही बजावले गेले. शाळेत काही पोरे सिद्धेशला "जाळी फाडणाऱ्याचो झिल", म्हणजे मुलगा, म्हणू लागली. तेजस्वीने तसे कधी म्हटले नाही. पण तिने त्या पोरांना थांबवलेही नाही.

खेळ मात्र चालू राहिला. तेजस्वी सकाळी शाळेआधी येई, आपला डाव खेळून जाई. सिद्धेश शाळा सुटल्यावर येई. वर्गात ते एकमेकांशी बोलत नसत आणि येथे दोघांची भेट होत नसे. अख्ख्या गावात ते एकाच ठिकाणी एकमेकांच्या वाटेत येत होते, आणि ते ठिकाण मी होतो.

मित्रांनो, मला दोन्ही राज्ये दिसत. सिद्धेशने शेतकरी कमी केले आणि घोडदळ वाढवले. कळा तो इतक्या जोरात दाबी की माझे एक अक्षर गळूनच पडले. तेजस्वीने नाटकगृहे बांधली, गवई नेमले. तुम्हांला वाटेल, ती किती शहाणी. पण तिचे ओठ आवळलेले असत. एकदा ती माझ्याकडे बघत पुटपुटली, "लढाय न करता तेचो गाव रिकामो करतंय बघ." शांततेच्या वाटेनेही माणूस रागाने चालू शकतो, हे मी तेव्हा पाहिले. हे सारे मला माहीत होते आणि कोणाला सांगता येत नव्हते.

त्या वर्षी गावपळण आली. आमच्या गावची ही जुनी रीत आहे. काही वर्षांनी एकदा, देवाच्या आज्ञेने, सारा गाव वेशीबाहेर जाऊन राहतो. गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळ्यांना घेऊन. टीचरसुद्धा आपले मांजर पिशवीत घालून जातात. मागे रिकामा राहिलेला गाव देवाचा. तीन दिवसांनंतर कौल मिळाला की लोक परत येतात. तोवर तेथे कोणी पाऊल ठेवत नाही, चोरसुद्धा नाही.

निघायच्या सकाळी तेजस्वी घाईने आली. सिद्धेशचे सैन्य तिच्या पिंगुळीजवळ पोहोचले होते. तरी तिने काय करावे? पळणीची रीत म्हणून राजधानीतले सगळे रखवालदार तिने वेशीबाहेर नेऊन उभे केले आणि डाव संपवला. खेळाला आपली पळण ठाऊक नाही, हे तिच्या ध्यानातच आले नाही. रिकाम्या गावाला खेळात एकच अर्थ असतो, या आणि घ्या.

गाव परतल्यावर सिद्धेश आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. दर पळणीला या दोन घरांची खोपटी एकमेकांना लागून असत. या वेळी ती माळाच्या दोन टोकांना होती. तो बसला, आणि पिंगुळी त्याला उघडी दिसली. त्याचे बोट कळेवर गेले. मला काही करता येत नव्हते.

"टीचर," तो म्हणाला, "ह्या चेडवान रखवालदार सगळे भायर काढल्यान. गाव रिकामो ठेवल्यान."

टीचर पुस्तकाला कव्हर घालत होत्या. "मगे घे. डाव तुझो आसा."

त्याने कळेवरचे बोट मागे घेतले. मग म्हणाला, "पळणीत गावात कोण शिरता, टीचर?"

त्याने घोडदळ मागे फिरवले. बाजूला सैन्य नाही म्हटल्यावर वाटा मोकळ्या झाल्या. पुढच्या काही दिवसांत खारेपाटणची माणसे झुंडीने पिंगुळीची नाटके पाहायला जाऊ लागली. आणि एका रविवारी सकाळी मी तेजस्वीला संदेश दाखवला: उत्सव जाहीर करा. तुमचा विजय होईल आणि खेळ संपेल.

तिने हात उचलला आणि तसाच ठेवला. खेळ संपला की तो येणार कशाला? ती दुपारपर्यंत तेथेच बसून राहिली. सिद्धेश आला आणि दारात थबकला.

"तुझो वेळ सोपलो," तो म्हणाला. भांडणानंतर त्यांच्यातले हे पहिले शब्द.

"ठावक आसा. हयसर बघ."

त्याने वाचले. "मगे दाब. जिकलंस मां?"

"दाबलंय काय खेळ सोपता."

"सोपांदे." तो बाकाच्या टोकाला बसला. "माझी माणसा सगळी तुझ्याकडे गेली. माका बरा वाटता असा समजू नको."

"मी रागानच बांधलंय ता सगळा," ती हळूच म्हणाली. "तुझो गाव रिकामो करूचो म्हणान."

तेवढ्यात दारात जितेंद्र आले. मुलाला न्यायला आले होते. तेजस्वीला पाहून त्यांचे पाऊल अडले. दोन्ही मुले खाली बघू लागली.

"बस रे जितेंद्रा," टीचर म्हणाल्या. कधीकाळी टीचरांनी त्यांनाही बाराखडी शिकवली होती. "डाव चालू आसा."

ते बसले नाहीत. "बापूस खंय तुझो?" त्यांनी तेजस्वीला विचारले.

"किनाऱ्यार. जाळा शिवता," ती म्हणाली.

चौकटीला धरलेला हात त्यांनी सोडला. "सोपला काय घराक ये," एवढे मुलाला सांगून ते निघाले. खिडकीतून मला रस्त्याचा लहानसा तुकडा दिसतो. ते घराकडे वळले की किनाऱ्याकडे, हे मला कळले नाही.

"दाब गो," सिद्धेश म्हणाला. "उद्या मी असोच येतलंय."

तिने कळ दाबली. माझ्या पडद्यावर दिवे लागले, ढोल वाजले. दोघांपैकी कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेजस्वी येऊन बसली. सिद्धेशला उशीर झाला, फार उशीर. ती उठायला लागली तेव्हा तो आला. घरी काय ऐकून आला, ते त्याने सांगितले नाही. दोघे माझ्या दोन बाजूंना बसले आणि बोलत राहिले. मला कोणी सुरूच केले नाही. मित्रांनो, मोबाइल आल्यापासून दुर्लक्ष मी पुष्कळ पाहिले आहे, पण त्या दुपारी मला ते गोड लागले.

दोन्ही घरे अजून बोलत नाहीत. जाळे अजून शिवून झालेले नाही. मीही आता सुरू व्हायला कुरकुरतो, आणि एक दिवस होणारच नाही. तोवर मला जरा कोरडे ठेवा, एवढे मागणे आहे. आणि तुमचा कोणाशी अबोला असेल, तर माझ्यासारख्या खारवलेल्या यंत्रावर फार दिवस भिस्त ठेवू नका. त्या माणसाच्याच शेजारी जाऊन बसा.