जाळीतून आलेली माफी

वेड्यांचं इस्पितळ बंद पडून वर्षं लोटली होती, पण त्या सकाळी त्याच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जुन्या वॉर्डाची भिंत बोलू लागली होती! इथे मेलेल्या रुग्णांचे आत्मे म्हणे हवेच्या जाळीतून नातलगांशी बोलत. मात्र जाळीखाली बसलेल्या महाराजांच्या दानपेटीत नाणं वाजल्याशिवाय एकही आत्मा तोंड उघडत नसे.

विज्ञान शिकवणाऱ्या बाई शेजारणीच्या आग्रहाखातर आल्या होत्या.

"पलीकडे नुसती धक्काबुक्की चाललीय!" महाराज डोळे मिटून म्हणाले. "एकेकाने या रे! हं, हा कुणाचा भाऊ?"

शेजारणीने बाईंना कोपराने ढोसलं. जाळीतून घोगरा आवाज आला, "ताई, तू मला इथे टाकून गेलीस. पण मी तुला माफ केलं."

या शब्दांसाठी बाईंचे कान आसुसले होते. मान डोलावली की झालं, उरावरचा धोंडा उतरला असता.

तेवढ्यात पुढे बसलेली म्हातारी लेकाचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून हातातली बांगडी उतरवू लागली. बाई ताडकन उठल्या.

"थांबा, आजी! माझा भाऊ मेलेला नाही. हे इस्पितळ बंद झालं तेव्हा त्याला दुसऱ्या गावी हलवलं."

"अहो, तो गेला असं तुम्हीच सांगितलंत ना?" शेजारीण चक्रावली. "मीही काल महाराजांच्या शिष्याला तेच सांगितलं."

"लेकीचं लग्न ठरत होतं. वेडा मामा सोयऱ्यांपुढे आणायची लाज वाटली, म्हणून थाप मारली. माझीच थाप या भिंतीने मला ऐकवली!"

"जिवंत माणसाचा आत्माही कधीकधी फेरफटका मारतो," महाराज सावरून म्हणाले. कुणीतरी फिसकन हसलं.

जाळीतला आवाज कुठून येतो ते शोधत बाई बाहेर पडून वॉर्डामागच्या धोबीघरात शिरल्या. वॉर्डात हवा नेणारा पत्र्याचा जुना नळ तिथे उघडत होता आणि त्याला तोंड लावून शिष्य बसला होता. त्याला बाजूला सारून बाई नळात बोलल्या. आवाज थेट जाळीतून वॉर्डभर घुमला.

"आजी, बांगडी घाला. मी बाई बोलतेय, धोबीघरातून. सगळ्यांनी या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कुणी सांगतं म्हणून विश्वास ठेवू नका, मी सांगते म्हणूनही नको. वेड हा आजार आहे, त्याला डॉक्टर आहेत. ज्यांची माणसं अजून इस्पितळात आहेत, त्यांनी त्यांना जाऊन भेटा."

रविवारी लेकीला घेऊन बाई भावाकडे गेल्या. त्याने निरखून पाहिलं.

"ताई, एवढी वर्षं का नाही आलीस?"

बाईंनी लेकीला पुढे केलं. माफीचं तो काही बोलला नाही. बाकावर थोडा सरकला आणि भाचीला म्हणाला, "तू बस."